लू मॉन्टुली: ज्याची कुकी आपण रोज 'ॲक्सेप्ट' करतो

टर्मिनलवाला
शनिवार, रात्री १०:१५

परवा जुन्या ब्राउझरांच्या धाग्यावर नेटस्केप या नव्वदच्या दशकातल्या गाजलेल्या ब्राउझरचं सगळं पुण्य कंपनीचा सहसंस्थापक मार्क अँड्रीसनच्या खात्यावर जमा झालं. मी मध्ये तोंड घातलं तर "एवढंच असेल तर वेगळा धागा काढा" असा टोला आला. घ्या, काढला.

माझा माणूस लू मॉन्टुली. हा कधी 'टाइम'च्या मुखपृष्ठावर अनवाणी सिंहासनावर बसला नाही (अँड्रीसन बसला होता, फेब्रुवारी १९९६). पण आज सकाळपासून तुम्ही जिथे जिथे लॉगिन झालात, जिथे खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकली आणि ती तासाभराने तशीच सापडली, तिथे तिथे या माणसाने १९९४ साली लढवलेली 'कुकी'ची शक्कल चालू होती.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स गावी, १९९२ साली. मायकेल ग्रोब, चार्ल्स रेझॅक आणि लू मॉन्टुली या तिघांना विद्यापीठाची माहिती कुठल्याही टर्मिनलवर बसून वाचता येईल असं काहीतरी हवं होतं. टर्मिनल म्हणजे नुसती अक्षरं दाखवणारं डबडं. ना माउस, ना चित्र. त्यासाठी त्यांनी लिहिला तो लिंक्स, पुढे वेब ब्राउझर झाला तोच. नाव एका रानमांजराचं, आणि त्यात 'लिंक'वरची कोटीही. सुरुवातीच्या लिंक्सची वर्ल्ड वाइड वेबशी ओळखही नव्हती. दुवे द्यायची त्याची स्वतःची पद्धत होती, आणि बाहेरचं म्हणून गोफर ही मेनूंची जुनी माहिती-व्यवस्था वाचता यायची. मॉन्टुलीने त्याला वेबची भाषा शिकवली आणि मार्च १९९३ मध्ये २.० आवृत्ती सोडली.

त्याच सुमारास इलिनॉयला अँड्रीसन आणि एरिक बिना मोझेक हा ब्राउझर लिहीत होते. मोझेकमध्ये मजकुराच्या मधोमध चित्रं दिसायची, जग तिकडे धावलं. पण मोझेक चालवायला ग्राफिक्सवालं यंत्र आणि थेट इंटरनेटची जोडणी लागायची. बाकीच्यांकडे काळा पडदाच होता.

त्या बाकीच्यांतला मी एक. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी तेव्हा मुंबईत इंजिनिअरिंगला. चित्रं दिसणारं खातं आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून स्वस्तातलं, नुसत्या अक्षरांचं शेल अकाउंट. मोडेम किंचाळायचा, मग पडद्यावर मेनू उमटायचा. मेलसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. वर-खाली बाणांनी एका दुव्यावरून दुसऱ्यावर, उजव्या बाणाने आत, डाव्याने मागे. चित्राच्या जागी कंसात 'इमेज' एवढाच शब्द. आईने बाहेरच्या खोलीतला फोन उचलला की खेळ खलास. लिंक्स व्हीएसएनएलनेच लिहिलाय अशी माझी दोन वर्षं समजूत होती. लेखकांची नावं मदतीच्या पानावर होती, पण ते पान वाचतो कोण!

मे १९९४ मध्ये जिनिव्हाला सर्नमध्ये वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे 'हॉल ऑफ फेम'मध्ये सहाच माणसं घेतली: टिम बर्नर्स-ली, अँड्रीसन, बिना, रॉब हार्टिल, केविन ह्यूज आणि मॉन्टुली. एव्हाना सिलिकॉन ग्राफिक्सचा संस्थापक जिम क्लार्क आणि अँड्रीसन यांनी माउंटन व्ह्यूला कंपनी काढली होती. पहिलं नाव मोझेक कम्युनिकेशन्स. इलिनॉय विद्यापीठाच्या हरकतीनंतर नोव्हेंबरात नेटस्केप झालं. इलिनॉयची मोझेकवाली टोळी जवळपास अख्खी उचलली, आणि कॅन्ससहून मॉन्टुली. मोझेकची एक ओळही न घेता ब्राउझर नव्याने लिहायचा होता. एप्रिलमध्ये कंपनी आणि १३ ऑक्टोबर १९९४ला ०.९ बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, बाहेर.

त्या बीटात कुकी होती.

अडचण अशी की वेबचा सर्व्हर जन्मजात विसराळू. पान मागा, देतो, आणि तुम्हाला विसरतो. पुढचं पान मागितलंत की पुन्हा "आपण कोण?" एमसीआय या टेलिफोन कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेदीचा हिशोब स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायचा नव्हता. सोपा उपाय समोर होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक साइटला दाखवायचा. मॉन्टुलीने तो बाजूला सारला, कारण एकच क्रमांक सगळीकडे दिसू लागला तर माणसाचा माग काढणं पोरखेळ होईल. त्याऐवजी प्रत्येक साइटने आपापली खूण द्यावी, ब्राउझरने ती जपावी, आणि जिने दिली त्या साइटलाच परत दाखवावी. हे जून १९९४ मधलं. जॉन जियानँड्रिया या सहकाऱ्याबरोबर त्याने पहिला मसुदा लिहिला. (हे जियानँड्रिया पुढे गूगलमध्ये आणि मग ॲपलमध्ये एआयचे प्रमुख झाले.)

माग निघू नये म्हणून घडवलेली वस्तू ही. तिचं पुढे काय झालं ते आपण रोज 'ॲक्सेप्ट ऑल' दाबताना बघतोच. मला या माणसाबद्दल जे बोलायचंय ते इथेच अडकलंय. आता तुम्ही बोला.

खमंग_चकली
शनिवार, रात्री १०:४२

मस्त लिहिलंय. पण "खूण द्यायची, जपायची, परत दाखवायची" इथे माझी गाडी अडली. आणि नाव कुकीच का? नानकटाई का नाही?

जुना_पोस्टमन
शनिवार, रात्री ११:०५

चकलीताई, नाव त्याचं स्वतःचं नाही. युनिक्सवाल्यांत 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या हातात दिलेली चिठ्ठी. घेणाऱ्याला तिचा अर्थ कळायची गरज नाही, मागितली की जशीच्या तशी परत करायची एवढंच काम. मॉन्टुलीने तो कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना ऐकला होता, तोच चिकटवला.

मी त्या काळात सर्व्हर सांभाळायचो, म्हणून मूळ मसुद्यातले आकडे पाठ आहेत. एक कुकी फार तर ४ किलोबाइट. एका साइटच्या २०. सगळ्या मिळून ३००. आज एखाद्या बातम्यांच्या पानावर गेलात तर हा कोटा चहा गार व्हायच्या आत संपेल.

खमंग_चकली
शनिवार, रात्री ११:११

अहो, मग हा देवळाबाहेरचा चप्पल स्टँडच की! पितळी बिल्ल्यावर ४७. मला त्या ४७चा काही अर्थ नाही, पण स्टँडवाल्याला पक्कं ठाऊक की ४७च्या खणात माझ्या कोल्हापुरी आहेत. आणि शेजारच्या देवळाचा स्टँडवाला त्या बिल्ल्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

टर्मिनलवाला
शनिवार, रात्री ११:१४

ताई, दंडवत. मी चार परिच्छेद जाळले त्यात. आणि तो बाजूला सारलेला उपाय म्हणजे कपाळावर नंबर गोंदून घेणं.

व्याकरणाचा_वाघ
रविवार, सकाळी ७:०२

लेख उत्तम. मात्र ब्राउझरला 'न्याहाळक' हा सुरेख मराठी शब्द असताना धाग्यात तो एकदाही येऊ नये याची खंत वाटते.

खमंग_चकली
रविवार, सकाळी ७:२०

वाघोबा, न्याहाळतोय कोण हाच तर वाद आहे. आपण पान न्याहाळतो की पान आपल्याला?

हिंजवडीचा_कैदी
रविवार, सकाळी ८:३०

ताईंचा स्टँड पुढे चालवतो, कारण माझी बारा वर्षं त्याच स्टँडवर गेली. (जाहिरातींचं तंत्रज्ञान. कंपनीचं नाव विचारू नका, घराचा हप्ता तिथूनच जातो.)

समजा एका ठेकेदाराने आळंदी, देहू, जेजुरी, पंढरपूर, सगळीकडच्या स्टँडचा ठेका घेतला. देवळं वेगळी, देव वेगळे, बिल्ला मात्र एकच चालतो. आळंदीला घेतलेला ४७ तुम्ही जेजुरीलाही दाखवता. देवळात तुम्ही काय मागितलंत याच्याशी ठेकेदाराला देणंघेणं नाही. पण ४७ नंबरवाला कुठून कुठे गेला, किती वाजता, किती वेळ थांबला हे त्याच्या वहीत आपोआप उतरतं. पैसा त्या वहीत आहे, चपला सांभाळण्यात नाही.

आता हेच वेबवर. पान एका साइटचं, पण त्यातल्या जाहिरातीचं चित्र येतं भलत्याच सर्व्हरवरून. ते चित्र मागताना ब्राउझर त्या सर्व्हरची कुकी सोबत जोडतो, आणि "मी अमुक पानावरून आलोय" हेही सांगतो. चित्र पारदर्शक, एक बाय एक पिक्सेलचं असलं तरी भागतं. डोळ्याला काही दिसत नाही, वहीत नोंद होते. मॉन्टुलीचा नियम कुठेच मोडलेला नाही हे लक्षात घ्या. जिने दिली तिलाच परत. फक्त देणारी प्रत्येक पानावर बसलीय. डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ही फट हेरली आणि मग तिचा राजमार्ग झाला.

रोखठोक_राणे
रविवार, सकाळी ९:१०

इथे सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडं मीठ टाकतो.

बीटा ऑक्टोबर १९९४चा. लोकांना कुकी नावाची भानगड कळली फेब्रुवारी १९९६ मध्ये, तीही 'फायनान्शियल टाइम्स'ने छापलं म्हणून. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त काळ तुमचा ब्राउझर तुमच्या डिस्कवर दुसऱ्याच्या चिठ्ठ्या जमवत होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता. हे कुणी ठरवलं? आभाळातून पडलं का?

पुढे ऐका. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने कुकीवर काथ्याकूट केला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ हा नियमांचा दस्तऐवज आला. लेखक दोन: डेव्हिड क्रिस्टॉल आणि लू मॉन्टुली. त्यात साफ म्हटलंय की अशा तिसऱ्याच सर्व्हरच्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत. नेटस्केपने पाळलं? नाही. मायक्रोसॉफ्टने? नाही. नियमाखाली नाव याचं, ब्राउझर याच्या कंपनीचा, आणि अंमलबजावणी शून्य. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

टर्मिनलवाला
रविवार, सकाळी १०:२५

राणेसाहेब, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. न सांगता केलं ते चुकलंच.

दुसऱ्यावर थोडं थांबा. त्याने या निर्णयाबद्दल पुढे स्वतः लिहिलंय. त्याचा हिशोब असा होता: तिसऱ्याच्या कुकी बंद केल्या तर जाहिरातवाले गप्प बसणार नाहीत, दुसरी वाट काढतील, आणि ती वाट वापरणाऱ्याला दिसणारही नाही. कुकी निदान दिसते, मोजता येते, पुसता येते. म्हणून बंदी घालण्यापेक्षा माणसाच्या हातात चावी द्यावी. १९९७च्या नेटस्केप ४ मध्ये "मूळ सर्व्हरकडेच परत जाणाऱ्या कुकी घ्या" असा पर्याय आलाही.

रोखठोक_राणे
रविवार, सकाळी १०:३१

पर्याय होता, पण डिफॉल्ट उघडंच ना? डिफॉल्ट बदलायला कोण जातं? सोसायटीच्या मीटिंगला जितके लोक येतात तितके.

टर्मिनलवाला
रविवार, सकाळी १०:३४

आमच्या सोसायटीत कोरमही भरत नाही. बरोबर बोललात.

हिंजवडीचा_कैदी
रविवार, दुपारी १२:५०

दोघांच्याही बाजूने साक्ष देतो.

मॉन्टुलीची भीती खरी ठरली. २०२० मध्ये सफारीने तिसऱ्याच्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली. आमच्या धंद्याने काय केलं? पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं रंगवतं, घड्याळ कुठल्या देशाचं, असलं सगळं गोळा करून बोटाच्या ठशासारखा ठसा बनवला. तो तुमच्याकडे कुठेच साठवलेला नसतो, म्हणून पुसायलाही काही नाही. म्हणजे पुन्हा कपाळावरचं गोंदण आलं, फक्त सुई न टोचता.

पण राणेसाहेबांचा डिफॉल्टचा मुद्दाही खरा. २०२० मध्ये गूगलने सांगितलं की क्रोममधल्या तिसऱ्याच्या कुकी दोन वर्षांत काढून टाकू. मग तारीख पुढे, आणखी पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. ब्राउझर त्यांचाच, जाहिरातीही त्यांच्याच, आणि ते जुनं डबलक्लिकही २००८ पासून त्यांच्याकडेच. ठेकेदारच देवस्थानचा विश्वस्त झाला तर बिल्ला कोण बदलणार?

अवांतर: ते 'ॲक्सेप्ट ऑल'चे फलक मॉन्टुलीच्या माथी मारू नका. ते युरोपच्या कायद्यांचं अपत्य, २००९ची दुरुस्ती आणि २०१८चा जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा. 'नकार' फिकट रंगात आणि 'होकार' ठळक बटणात ठेवायचं डिझाइन आमच्या बिरादरीचं. त्याबद्दल माफी.

आकाशकंदील
रविवार, दुपारी ३:१५

कुकीत सगळे इतके गुंतलात की लिंक्स मागे राहिला. त्याच्याबद्दल मला बोलू द्या.

मी जन्मापासून अंध आहे. संगणक शिकलो तेव्हा विंडोजचे पडदे वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं आमच्या आवाक्यात नव्हती. एका मित्राने लिनक्सचं यंत्र लावून दिलं, बोलणारा सिंथेसायझर जोडला आणि त्यात लिंक्स. लिंक्स पान ओळीने देतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुस्तकासारखं. दुवा आला की थांबतो. माउस नाहीच, त्यामुळे "इथे क्लिक करा" म्हणून कुणी हवेत बोट दाखवत नाही. वर टर्मिनलवाला म्हणाले की चित्राच्या जागी 'इमेज' एवढाच शब्द यायचा. ज्याने पान लिहिलं त्याने चित्राचं वर्णन लिहिलं असेल तर त्या जागी ते वर्णन यायचं. म्हणजे पान लिहिणारा माणूस कसा आहे हे मला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळायचं.

आता मी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो, मराठीही बोलतो तो, जरा रोबोसारखं पण बोलतो. तरी एका सरकारी अर्जाच्या पानावर गेल्या महिन्यात मी वीस मिनिटं "बटण, बटण, बटण, बटण" एवढंच ऐकत बसलो. एकालाही नाव नाही. साइट चांगली आहे की वाईट हे बघायचं असेल तर अजूनही मी मुलांना सांगतो, लिंक्समध्ये उघडून बघा. तिथे जे उरतं तेवढंच तुमच्या पानात खरं आहे.

कॅन्ससमधल्या त्या तिघांच्या डोक्यात आम्ही नव्हतो हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे फक्त अक्षरं दाखवणारे डबे होते. पण डब्याला जे जमत नव्हतं ते त्यांनी मागितलं नाही, म्हणून मला दार उघडं मिळालं.

जुना_पोस्टमन
रविवार, दुपारी ३:४०

आकाशकंदील, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर चिकटवायला हवा.

पुरवणी जोडतो. लिंक्स अजून जिवंत आहे. मॉन्टुली नेटस्केपला गेल्यावर आधी फोटिओस मॅक्रिडिस आणि मग थॉमस डिकी यांनी तो सांभाळला. आजही ज्याची देखभाल चालू आहे अशा ब्राउझरांत सगळ्यात म्हातारा हाच. मी रिटायर होईपर्यंत रोज पहाटे एक स्क्रिप्ट चालायची, 'लिंक्स डॅश डम्प' असं म्हणून पानाचा नुसता मजकूर काढायची आणि मला मेल करायची. सोळा वर्षं एकदाही बोंबलली नाही.

कॅन्ससचा_कोकण्या
रविवार, संध्याकाळी ६:०५

अरे मी लॉरेन्सला चार वर्षं काढली आणि मला हे माहीतच नव्हतं! माउंट ओरिअड नावाच्या टेकडीवर विद्यापीठ, हिवाळ्यात त्या चढावर बर्फ साचला की देवरुखचा घाट बरा वाटायचा. इतिहास विभागातल्या एका वयस्क बाईंकडून मात्र ऐकलं होतं की त्यांच्या विभागातले प्राध्यापक लिन नेल्सन यांनी १९९३ मध्येच इतिहासाच्या साधनांची वेबसाइट उभी केली होती, जगातल्या अगदी पहिल्या काहींतली. आता संगती लागते. ज्या आवारात असा ब्राउझर फुकट हाताशी होता तिथे इतिहासाचा मास्तरही वेबवर जाणारच.

बंड्या_९७
रविवार, रात्री ८:४८

काका, मी ऐकलं होतं की लुकलुकणारी अक्षरं पण याच माणसाचं पाप. खरं का? आणि त्या माशांचं काय प्रकरण आहे?

टर्मिनलवाला
रविवार, रात्री ९:३०

बंड्या, बस. हा भाग सांगायला मी कालपासून थांबलोय.

१९९४चा उन्हाळा, माउंटन व्ह्यूमधला एक बार. नेटस्केपची मंडळी बसलीत. मॉन्टुली कुरकुरला की आपण ब्राउझरमध्ये जे नवंनवं घालतोय त्यातलं माझ्या लिंक्सला काहीच दाखवता येणार नाही. जमलंच तर अक्षरं लुकलुकवणं जमेल. सगळे हसले, अक्षरं लुकलुकल्यावर किती हास्यास्पद दिसेल याच्या कल्पना लढवल्या, आणि विषय संपला. सकाळी ऑफिसात येतो तर एका इंजिनिअरने रात्रभर जागून ते करून ठेवलेलं. मॉन्टुली शपथेवर सांगतो की कोडची ओळ माझी नाही, बारमधलं वाक्य तेवढं माझं. पुढची काही वर्षं जगातल्या प्रत्येक हौशी पानावर 'नवीन! नवीन!' लुकलुकत होतं. फायरफॉक्सने ऑगस्ट २०१३ मध्ये ते काढलं. त्याच वर्षी गूगलने आपल्या नव्या ब्राउझर इंजिनाचं नाव ठेवलं ब्लिंक, आणि त्या ब्लिंकला अक्षरं लुकलुकवता येत नाहीत.

मासे म्हणजे फिशकॅम. ऑफिसातल्या मत्स्यालयावर मॉन्टुलीने १९९४ मध्येच कॅमेरा लावला आणि चित्र वेबवर सोडलं. केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर लावलेल्या कॅमेऱ्यानंतरचा हा वेबवरचा सुरुवातीचाच थेट कॅमेरा. नेटस्केपमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबलं की थेट मासे. कंपनीच्या मुख्य मालात असलं खुसपट घालू देणारे मालक आता कुठे राहिले! पण ते नुसतं खुसपटही नव्हतं. सर्व्हरने आपणहून नवं चित्र ढकलावं आणि पानाने ठरावीक वेळाने स्वतःला ताजं करावं, हे दोन्ही प्रकार ब्राउझरमध्ये आणण्यात तोच पुढे होता. आपल्या पिढीने क्रिकेटचा स्कोअर दर मिनिटाला आपोआप बदलताना बघितला तो यातल्या दुसऱ्यावर.

आणि हलणारं जिफ. जिफमध्ये एकापेक्षा जास्त चित्रं ठेवायची सोय १९८७ पासून होती, पण ती फिरत राहायची सोय नेटस्केप २.० ने आणली, आणि त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत मॉन्टुली होता. फिरत राहणारी जवळपास कुठलीही जिफ फाइल आज आतून उघडून बघ, सुरुवातीलाच 'नेटस्केप २.०' असं लिहिलेलं सापडेल. कंपनी गेली, कोरीव लेख राहिला.

चहाटपरी
रविवार, रात्री ९:५५

सगळं ठीक, पैसे किती मिळाले ते सांगा.

जुना_पोस्टमन
रविवार, रात्री १०:२०

टपरीशेठ, त्याच्या पासबुकात मी डोकावलो नाही. पण ९ ऑगस्ट १९९५ला नेटस्केपचा शेअर २८ डॉलरला बाजारात आला, दिवसात ७५ च्या आसपास जाऊन ५८.२५ला बंद झाला. कंपनीचं वय सोळा महिने, नफ्याचा पत्ता नाही. सुरुवातीच्या इंजिनिअरांचं भलं झालंच असणार. कुकीचं पेटंट १९९५ मध्ये मागितलं, १९९८ मध्ये मिळालं, पण कुकी वापरली म्हणून कुणाला पैसे भरावे लागले नाहीत. तशी पावती फाडली असती तर वेबने दुसरीच काही युक्ती शोधली असती. १९९८ च्या नोव्हेंबरात एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नेटस्केप ४.२ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं, तोवर मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझर फुकट वाटून बाजार खाल्ला होता.

त्यानंतरचा मॉन्टुली म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतला सरळमार्गी कंपनीवाला. ग्राहकांची मतं मांडणाऱ्या एपिनियन्स साइटमध्ये सुरुवातीपासूनचा इंजिनिअर, मग मेमरी मॅट्रिक्स काढली जी २००५ मध्ये शटरफ्लाय या फोटो छापणाऱ्या कंपनीने घेतली, मग झेटा ही डेटा साठवणारी कंपनी, मग खाजगी विमानं चालवणाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर. चांगली कामं आहेत, पण धागा काढावा असं त्यात काही नाही.

रोखठोक_राणे
रविवार, रात्री १०:४१

आकाशकंदील यांचा प्रतिसाद वाचून माझा आवाज जरा खाली आला आहे. कुकीबद्दलचं मत मात्र तेच. बारमध्ये बोललेलं वाक्य दुसऱ्याने अमलात आणलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्याला लुकलुकण्याबद्दल पडला. तिसऱ्याच्या कुकीबद्दल तो बारमध्ये नव्हता, टेबलाच्या डोक्याशी बसला होता.

टर्मिनलवाला
रविवार, रात्री १०:५८

हे वाक्य माझ्याही मनात राहणार, राणेसाहेब. बचाव करत नाही.

तरी एक सांगतो. २३-२४ वर्षांच्या पोरापुढे दोन कागद होते. एकात प्रत्येक माणसाला नंबर, दुसऱ्यात प्रत्येक दुकानाचा वेगळा बिल्ला. पहिला सोपा होता, त्याने दुसरा उचलला. ठेकेदार सगळी देवळं घेईल हे त्याला दिसलं नाही. मला तर मोडेम किंचाळताना आपण काय उघडतोय हेसुद्धा दिसत नव्हतं.

बंड्या_९७
सोमवार, पहाटे १:१०

झोप येईना म्हणून लॅपटॉपवर लिंक्स टाकला आणि आपलं हेच पान उघडलं. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसतात, पण वाचता येतं. आकाशकंदील दादा, आपल्या साइटच्या लोगोला वर्णन नाहीये. संपादकांना कळवतो.

मजा पुढे. पान येता येता खालच्या ओळीत लिंक्सने विचारलं: या साइटला कुकी ठेवायचीय, घेऊ का? 'वाय' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही, 'ए' म्हणजे नेहमी, 'व्ही' म्हणजे कधीच नाही. चारही पर्याय एकाच आकाराच्या अक्षरात, कुठलाच फिकट नाही. राणेकाकांचं स्मरण केलं आणि 'व्ही' दाबला.

मग प्रतिसाद लिहायला लॉगिन केलं. पासवर्ड बरोबर. पान परत आलं: "कृपया लॉगिन करा". पुन्हा केलं. "कृपया लॉगिन करा". पाच वेळा. साइट मला दर वेळी नव्याने ओळख विचारतेय.

हा प्रतिसाद मोबाइलवरून लिहितोय.